आदिवासी संस्कृती आणि व्हीआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आदिवासी समाजांतली तरुण मुलं, भाषा शिकवणारे शिक्षक, संग्रहालयांतले लोक आणि हौशी कॅमेरेवाले यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एका जागी आणले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. व्हीआर, एआर, ३६० अंशांचा व्हिडिओ, थ्रीडी स्कॅन... यातलं काय म्हणजे काय?

३६० अंशांचा व्हिडिओ म्हणजे एकाच वेळी चहूबाजूंनी केलेलं चित्रण. हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा पडदा) घालून मान वळवली की मागचंही दिसतं, पण उठून चालता येत नाही. कॅमेरा जिथे होता, तिथेच तुम्ही. व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव) संगणकात उभं केलेलं जग असतं, त्यात फिरता येतं, वस्तू हातात घेता येते. एआरमध्ये (ऑगमेंटेड रिअॅलिटी) समोरचं खरं जग तसंच राहतं आणि फोनच्या पडद्यावर त्यात भर पडते: खडकाकडे फोन धरला की त्याची गोष्ट सांगणारी आजी शेजारी उभी दिसते. थ्रीडी स्कॅन म्हणजे वस्तूचे किंवा जागेचे शेकडो फोटो जुळवून, नाहीतर लेझरने मोजून केलेली प्रतिकृती. यातला ३६० अंशांचा व्हिडिओ सर्वात जास्त कामाला येतो, आणि कौतुक सर्वात कमी त्याचंच होतं.

२. "आदिवासी" म्हणजे इथे नेमके कोण धरले आहेत?

जगभरचे. संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत नेहमी येणारा आकडा आहे सुमारे ४७ कोटी ६० लाख लोक, जवळपास ९० देशांत. बर्फात राहणारे इनुइट आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहणारे मार्टू यांना एकच नुस्खा लागू पडेल अशी आशा कोणी धरू नये. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत "त्या समाजाला विचारा" हे येतंच. टाळाटाळ म्हणून नव्हे, खरोखर तेच उत्तर आहे.

३. साधा व्हिडिओ आहे की. मग हेडसेटचा खटाटोप कशाला?

बऱ्याचदा खरंच नको. टोपली विणताना बोटं कशी चालतात हे दाखवायचं असेल तर जवळून घेतलेला साधा व्हिडिओ हेडसेटपेक्षा सरस.

जिथे जागा हाच आशयाचा भाग असतो, तिथे गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या अनेक समाजांची गाणी प्रवासाच्या क्रमाने बांधलेली आहेत: हा पाणवठा, मग ती टेकडी, मग तो झाडोरा. गाणं म्हणजेच वाट. ते चौकटीत कापलं की वाट हरवते. कोण कुठे बसतं, पाठीमागून कोण साथ देतं, धूर कुठल्या बाजूला जातो, हेही चौकटीबाहेर राहतं. मार्टू समाजातल्या एका ज्येष्ठाने १९५०च्या दशकात वाळवंटात अणुचाचणीचा स्फोट पाहिला होता, तेही बाहेरच्या जगाशी जवळजवळ संबंध नसताना. आपली साक्ष नोंदवायला त्यांच्या बाजूने जे माध्यम निवडलं गेलं ते व्हीआर होतं. २०१६ साली ती जगापुढे आली. ऐकणारा त्यांच्याच भूमीवर उभा राहून ऐकतो आणि मान कुठेही वळवली तरी समोर तीच भूमी असते.

४. शहरात वाढलेल्या आमच्या मुलांना हेडसेट घालून संस्कृती कळेल का?

बघून थोडी, बनवून पुष्कळ. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

हेडसेटमधला दहा मिनिटांचा अनुभव मुलं एकदा बघतात, "भारी आहे" म्हणतात आणि विसरतात. पण त्यासाठी आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करायला गेलेला नातू त्याच दहा मिनिटांसाठी चार दिवस त्यांच्यासोबत बसतो. शब्द समजला नाही म्हणून पुन्हा विचारतो. होडीचं मॉडेल चुकलं की आजोबा पडद्यावर बोट ठेवून म्हणतात, "हे लाकूड असं वाकत नाही," आणि उठून खरं लाकूड आणून दाखवतात. शिकणं होतं ते तिथे. तयार झालेली फाइल हा त्यातून उरणारा जिन्नस.

कॅनडात कलावंत स्काविनाती आणि जेसन एडवर्ड लुईस यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'अ‍ॅबटेक' या गटाने हे लवकर ओळखलं. त्यांच्या कार्यशाळांत, मोहॉक लोकांच्या काहनावाके इथल्या शाळेपासून सुरुवात करून, मुलांनी आधी ज्येष्ठांकडून गोष्टी ऐकल्या आणि मग त्यांचे व्हिडिओ गेम स्वतः बनवले. तेव्हा बाहेरून एखादा स्टुडिओ "आम्ही सगळं करून देतो" म्हणत आला, तर तुमची मुलं त्यात काय करणार, एवढं आधी विचारा.

५. म्हणजे हे सगळं जुनं जपून ठेवण्यासाठीच ना?

तसं समजणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे प्रकल्प बघताना काचेच्या पेटीत डोकावल्यासारखं वाटतं. २०१७ मध्ये कॅनडाला १५० वर्षं होत असताना टोरंटोच्या इमॅजिननेटिव्ह या आदिवासी चित्रपट महोत्सवाने आणि त्याच्या साथीदार संस्थांनी आदिवासी कलावंतांना उलटं काम दिलं: आणखी १५० वर्षांनी, २१६७ साली, आपण कसे असू ते व्हीआरमध्ये दाखवा. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका कलाकृतीत भविष्यातलं टोरंटो झाडाझुडपांनी व्यापलेलं होतं आणि त्यात वेंडाट, मोहॉक आणि अनिशिनाबे भाषा कानावर पडत होत्या. शहरात जन्मलेल्या मुलीला "तुझं मूळ गाव दूर आहे" असं सांगण्यापेक्षा "हे शहरही तुझ्याच भूमीवर आहे" असं दाखवणं जास्त भिडतं.

६. ३६० अंशांचा कॅमेरा नेमका कुठे ठेवायचा?

नवा माणूस तो सवयीने वर्तुळाच्या मधोमध ठेवतो, कारण तिथून सगळे सारखे दिसतात. पण मधोमध बहुधा आग असते, नाहीतर अशी जागा असते जिथे कोणीच उभं राहत नाही. तिथे ट्रायपॉड रोवणं म्हणजे पाहुण्याने चुलीवर बसणं. वर्तुळातली एक बसायची जागा मागून घ्या. "आमच्या मुलीची जागा इथे असती," असं कोणी म्हणालं तर तीच घ्या.

उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी. उभ्या माणसाच्या उंचीवर कॅमेरा लावला की बघणारा सगळ्या ज्येष्ठांकडे वरून बघतो, आणि हेडसेटमध्ये ते फार खटकतं. जवळचा माणूस निदान हात-दीड हातावर हवा, मीटरभर असेल तर उत्तम. त्याहून जवळ आला आणि कॅमेऱ्याच्या दोन भिंगांची चित्रं जिथे जुळतात त्या सांध्यावर बसला, तर त्याचा चेहरा मधोमध चिरतो. मुख्य बोलणारी व्यक्ती सांध्यावर येणार नाही अशा बेताने कॅमेरा फिरवून ठेवा. आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. बोलणाऱ्याच्या कपड्याला वेगळा माइक लावा आणि त्यावर वाऱ्यासाठी फर चढवा. चित्र थोडं धूसर चालतं, शब्द न कळणं चालत नाही. आणि हो, चहूबाजूंनी चित्रण होत असतं, त्यामुळे तुम्हालाही झाडामागे जावं लागतं.

७. भाषा शिकवायला व्हीआरचा उपयोग होतो का?

होतो, पण दिशेचा घोळ सांभाळा. हे फार थोडे लोक सांगतात.

ईशान्य ऑस्ट्रेलियातली गुगु यिमिथिर भाषा घ्या. 'कांगारू' हा शब्द जगाला दिला तीच. या भाषेत डावं-उजवं म्हणत नाहीत. "तुझ्या उत्तरेकडच्या पायावर मुंगी आहे" अशा धर्तीवर, सगळं दिशांनी बोलतात. आता मूल हेडसेट घालून खुर्चीवर बसलं. चित्रातला म्हातारा उत्तरेकडे हात करतो, पण मुलाचं तोंड असतं खऱ्या नैर्ऋत्येला. भाषा डोक्यात चुकीच्या दिशेने बसते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. चित्रण करताना होकायंत्राने कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते लिहून ठेवा आणि दाखवताना खुर्ची तशीच मांडा. खोलीची उत्तर आणि चित्राची उत्तर जुळली की ज्येष्ठ मंडळीही पहिल्यांदा नीट हसतात.

बोललेलं ओळखणारं सॉफ्टवेअर हवं असेल तर न्यूझीलंडच्या ते हिकू मीडिया या माओरी प्रसारण संस्थेचं उदाहरण बघा. २०१८ मध्ये त्यांनी समाजालाच हाक घातली आणि सुमारे २,५०० लोकांनी १० दिवसांत ३०० तासांहून जास्त माओरी वाचन रेकॉर्ड करून दिलं. त्या आवाजांवर हक्क कोणाचा, हे प्रश्न १६ मध्ये.

८. आजीला हेडसेट घातला की चक्कर येते. लहान मुलांना द्यावा का?

चक्कर येते ती बहुधा चित्र हलत असताना शरीर स्थिर असल्यामुळे. कॅमेरा चालवत नेऊ नका, एका जागी ठेवा. बघणाऱ्याला बसवा, पाच-सात मिनिटांत थांबा. मुलांसाठी उत्पादकाने दिलेली वयोमर्यादा पाळा. ज्यांना सोसत नाही त्यांना तेच चित्रण टॅबलेटवर बोटाने फिरवून दाखवता येतं. काही बिघडत नाही.

९. आमच्याकडे नेट नाही आणि पैसेही बेताचे. जमेल का?

जमेल. फाइल हेडसेटमध्ये आधीच भरून ठेवली की नेट लागत नाही. अख्ख्या वस्तीला एक कॅमेरा, एक आवाज टिपायचं यंत्र आणि दोन हेडसेट पुरतात. पैसे थोडेच असतील तर हेडसेट आणखी घेण्याऐवजी चांगला माइक आणि जास्तीच्या हार्ड डिस्क घ्या. का, ते प्रश्न ६ आणि १७ मध्ये.

१०. एका ज्येष्ठांनी हो म्हटलं आहे. तेवढी परवानगी पुरते का?

त्यांच्या स्वतःच्या आठवणींसाठी पुरते. गाण्यासाठी, नाचासाठी, चिन्हासाठी बहुधा नाही, कारण ते त्यांचं एकट्याचं नसतं. कुठे ते कुळाचं असतं, कुठे एका घराण्याचं, कुठे दोन गटांचं मिळून. गाणं कोणाला गाता येतं आणि ते दुसऱ्याला द्यायचा हक्क कोणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं कलम ३१ सांगतं की आपला सांस्कृतिक वारसा आणि पारंपरिक ज्ञान राखण्याचा, त्यावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क त्या समाजांचा आहे. परवानगी दबावाविना, काम सुरू होण्याआधी आणि सगळं समजावून घेतलेली हवी. "सगळं समजावून" म्हणजे कागदावर सही नव्हे. आधी दुसरा एखादा व्हिडिओ हेडसेटमध्ये दाखवा, म्हणजे "हे असं दिसणार" ते कळतं. हेडसेट कधी घातलाच नाही अशा माणसाची संमती अर्धीच म्हणायची.

११. रेकॉर्ड करूच नये असं काय असतं?

समाज सांगेल ते सगळं. अमेरिकेतले होपी आपल्या समारंभांचे फोटो, ध्वनिमुद्रण, अगदी रेखाटनही करू देत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाभोवतीच्या काही जागांचं चित्रण तिथल्या अनांगू लोकांच्या रीतीप्रमाणे वर्ज्य आहे. त्या खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झालं, तरी माथ्यावरची ३६० अंशांची चित्रं गूगलच्या नकाशावर राहिली होती आणि लोक घरबसल्या 'चढत' होते. उद्यान प्रशासनाने सांगितल्यावर २०२० मध्ये गूगलने ती काढली. पाऊल पडलं नाही म्हणजे मर्यादा ओलांडली नाही, असं होत नाही. वर्ज्य जागेची संगणकात 'कल्पनेने' केलेली प्रतिकृतीही याच हिशेबात येते.

१२. काही गोष्टी फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. हेडसेटमध्ये हे कसं सांभाळायचं?

साठवण्याच्या पातळीवर उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांसोबत काम करताना 'मुकुर्तू' हे संग्रह ठेवण्याचं सॉफ्टवेअर घडलं. वारुमुंगू भाषेत मुकुर्तू म्हणजे मोलाच्या वस्तू जपून ठेवायची विणलेली पिशवी. कोणाचं कुळ कुठलं, स्त्री की पुरुष, नातं काय, यावरून कोणाला काय दिसेल हे त्यात समाज ठरवतो. आज ते जगभरचे समाज फुकट वापरतात.

दाखवण्याच्या पातळीवर मात्र सॉफ्टवेअर हात टेकतं. हेडसेटच्या आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही आणि पासवर्ड तर भावंडांत फिरतोच. म्हणून अशा गोष्टींचा हेडसेट वेगळा ठेवा, कुलपात, आणि किल्ली ज्यांचा तो विषय आहे त्यांच्यातल्या जाणत्या बाईकडे किंवा पुरुषाकडे.

१३. चित्रणातली व्यक्ती वारली तर?

ऑस्ट्रेलियातल्या अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचा फोटो किंवा आवाज काही काळ समोर आणत नाहीत. तिथल्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला तशी सूचना येते ती यासाठीच. व्हीआरमध्ये हे जास्त टोचतं, कारण माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असतो. उलट काही घरांना नेमकं तेच हवं असतं.

दोन कामं आधीच करा. त्या व्यक्तीला जिवंतपणीच विचारून लिहून ठेवा की माझ्यामागे हे किती काळ मिटवायचं, पुन्हा उघडायचं तर कोणाला विचारून. आणि प्रत्येकाचं बोलणं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे एकाचा भाग झाकला तरी बाकीचं चालू राहतं. आमच्यापैकी पुष्कळांनी सगळं एकत्र शिवून टाकलं आणि नंतर अख्खा अनुभव बंद करावा लागला. गेलेल्या माणसाच्या आवाजावरून संगणकाकडून नवी वाक्यं बोलवून घेणं मात्र घरच्यांनी स्वतःहून मागितल्याशिवाय सुचवूही नका.

१४. पवित्र वस्तूची थ्रीडी प्रत पवित्र असते का?

अलास्काच्या त्लिंगिट लोकांकडून याचं फार सुंदर उत्तर मिळतं. एका कुळाची देवमाशाच्या आकाराची समारंभाची टोपी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २००५ मध्ये कुळाला परत दिली. पुढे कुळप्रमुखांच्या संमतीने तिचं स्कॅन झालं आणि २०१२ मध्ये संग्रहालयासाठी लाकडाची प्रत कोरली गेली. ती प्रत समारंभातून गेलेली नव्हती, म्हणून पवित्र ठरली नाही. लोकांना दाखवायला मोकळी. नंतर दुसऱ्या एका कुळाची जुनी, मोडकी टोपी स्कॅन करून तिची नवी प्रत केली. २०१९ मध्ये अलास्कातल्या जुनो शहरात समारंभ करून कुळाने ती विधिपूर्वक आपली करून घेतली, आणि ती पवित्र झाली. यंत्र तेच, स्कॅन करायची रीत तीच. पडद्यावरच्या मॉडेललाही हाच प्रश्न विचारायचा: कुळ त्याला काय मानतं?

१५. संग्रहालय म्हणतं, "स्कॅन तुम्हाला देतो, मूळ वस्तू आमच्याकडे राहू द्या." स्वीकारावं का?

स्कॅन घ्या, पण तो मोबदला म्हणून नको. वर पाहिलं तसं त्लिंगिट टोपीच्या बाबतीत आधी वस्तू परत आली, स्कॅन नंतर झालं. अमेरिकेत १९९० पासून आदिवासींना त्यांच्या वस्तू आणि अवशेष परत करण्याचा कायदा आहे आणि जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार या कायद्याखालच्या वस्तू प्रदर्शनात मांडायला किंवा संशोधनाला द्यायलाही संबंधितांची पूर्वसंमती लागते.

जागेच्या बाबतीत ही अदलाबदल आणखी घातक. ऑस्ट्रेलियात जुकान गॉर्जमधली, ४६,००० वर्षांपासूनच्या माणसाच्या खुणा असलेली खडकातली आश्रयस्थानं मे २०२० मध्ये खाणकामासाठी सुरुंग लावून उडवली गेली. उद्या कोणी "आम्ही आधी स्कॅन करून घेऊ" म्हणालं, तर त्याचा अर्थ "मग उडवू" असाही असू शकतो. लेखी विचारा.

१६. चित्रणाचा कॉपीराइट कोणाचा? आणि ते एआयला शिकवायला कोणी उचललं तर?

बहुतेक देशांच्या कायद्यात कॉपीराइट रेकॉर्ड करणाऱ्याचा किंवा त्याला काम देणाऱ्याचा, आणि तो ठरावीक वर्षांनी संपतो. पिढ्यानपिढ्यांचं, सगळ्यांचं मिळून असलेलं गाणं त्या साच्यात बसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी करार करून हक्क समाजाच्या संस्थेच्या नावावर करा.

त्याच्या जोडीला काही साधनं आहेत. कॅनडाच्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजांनी, १९९८ मध्ये माहितीची मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा ही चार तत्त्वं मांडली. २०१९ मध्ये जागतिक पातळीवर सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता अशी मांडणी आली. ते हिकूने आपल्या आवाजांसाठी काइतियाकितांगा, म्हणजे राखणदारीचा, परवाना केला. 'लोकल कॉन्टेक्स्ट्स' या उपक्रमाची लेबलं फाइलला जोडता येतात: हे ऋतूपुरतं, हे फक्त स्त्रियांचं, हे विकू नये. लेबल म्हणजे कायदा नव्हे, पण "आम्हाला माहीत नव्हतं" ही सबब जाते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या मे २०२४ मधल्या कराराचं नाव काही जण पुढे करतात. तो पेटंटसाठी आहे, जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेल्या ज्ञानाबद्दल. गाण्याला, नाचाला त्याचं संरक्षण नाही.

एआयपुरतं बोलायचं तर सार्वजनिक साइटवर चढवलेलं उचललं जाणार हे धरून चाला.

१७. पाच वर्षांनी हा हेडसेटच बंद पडला तर?

पडणारच. ऑक्युलस गो हा हेडसेट २०१८ मध्ये आला आणि २०२० मध्ये त्याची विक्री थांबली. शाळांत लाडकं झालेलं गूगल एक्स्पिडिशन्स आणि थ्रीडी मॉडेलं ठेवायची पॉली ही जागा, दोन्ही ३० जून २०२१ ला बंद. होलोलेन्स २ या हेडसेटचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. म्हणून अ‍ॅप हे वापरून टाकायचं वेष्टन समजा. जपायचं ते आत आहे: कॅमेऱ्यातून आलेलं मूळ चित्रण, न कापलेला आवाज, स्कॅनचे सुटे फोटो आणि कोण, कुठे, कधी, कोणत्या भाषेत ही टिपणं. मॉडेल जीएलटीएफसारख्या खुल्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. वर्षातून एकदा डिस्क उघडून बघा. मला हे शहाणपण एक डिस्क गमावून आलं. चित्रण पुन्हा करता आलं, सांगणाऱ्या आजी मात्र तोवर राहिल्या नव्हत्या.

१८. सगळं शूट झालं, एडिट झालं आणि आता ज्येष्ठ नको म्हणतात. पैसेही संपलेत. काय करायचं?

थांबवायचं. प्रश्न १० मधली संमती एकदा घेऊन संपत नाही, आणि हेडसेटमध्ये स्वतःला पाहिल्यावर मत बदलणं अगदी स्वाभाविक आहे. पैसे देणाऱ्या संस्थेशी करार करतानाच "समाजाने मागे घेतल्यास प्रसिद्धी नाही" ही ओळ घालून घ्यावी. राहिली असेल तर आता फोन करून सांगावं. आधी एवढंच विचारा की सगळं नको आहे, की एखादा भाग. पुष्कळदा एकच नाव किंवा एकच जागा खटकत असते.

सगळंच नको असेल तर प्रती शोधून काढा. त्या वाटतात त्यापेक्षा जास्त ठिकाणी असतात: कॅमेऱ्याचं कार्ड, एडिटरचा लॅपटॉप, क्लाउड, चाचणीसाठी भरलेले दोन्ही हेडसेट, आवाज टिपायचं यंत्र, कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली छोटी क्लिप. यादी करा, कॅमेऱ्याचं मूळ कार्ड सोडून बाकीचं एकेक पुसा, आणि पुसताना त्या ज्येष्ठांच्या घरातलं एक माणूस शेजारी बसवा. मूळ कार्ड पुसू नका, त्यांच्या हातात द्या. पुढे त्याचं काय करायचं ते त्यांचं ते बघतील.